घोंगडीखालचा ताप

मित्रांनो, मी एक जुना मोडेम आहे. माझं नाव तुमच्यापैकी पुष्कळांनी ऐकलंही नसेल, आणि त्याचा मला राग नाही. खरं सांगायचं तर थोडा आहे, पण तो मी गिळतो. संगणकाचं बोलणं टेलिफोनच्या तारेवरून दूरच्या संगणकापर्यंत न्यायचं आणि तिकडचं उत्तर परत आणायचं, हे माझं काम. आज हे काम कधी होतं ते कुणाला कळतही नाही. मी मात्र आधी किर्रकिर्र करायचो, मग खरखरायचो, आणि माझा हिरवा दिवा लागला की भोवतीची माणसं सुटकेचा निःश्वास टाकायची.

परदेशातल्या एका कारखान्यात माझा जन्म झाला. तेव्हा बाहेरदेशीचा माल आपल्याकडच्या दुकानांत नव्यानेच दिसू लागला होता. वीरेश नावाच्या तरुणाने मला पुण्याच्या बाजारातून घेतलं आणि एसटीने, मांडीवर ठेवून, आपल्या गावी सिरसाळ्याला आणलं. तिथे त्याच्या वडिलांचं, कल्याणरावांचं, 'रुद्राणी किराणा' नावाचं दुकान होतं. दुकानाच्या एका कोपऱ्यात पिवळ्या पाटीचा टेलिफोन बूथ होता. वीरेशची धाकटी बहीण कावेरी तो सांभाळायची. बूथमधल्या फळीवर, संगणकाच्या शेजारी, मला जागा मिळाली.

कावेरी परळीला शिकून आलेली, हुशार आणि जरा हट्टी मुलगी होती. गावातल्या सोळा घरांत घोंगड्यांचे माग होते. माल चांगला, पण गिऱ्हाईक आठवडी बाजाराच्या पलीकडचं नाही. कावेरीने इंटरनेटवर 'रुद्राणी घोंगडी डॉट कॉम' असं एक नाव वर्षाच्या मुदतीने घेतलं आणि त्यावर घोंगड्यांचे फोटो चढवले. गावात पुष्कळ जण हसले. पण आठ महिन्यांत नाशिकहून, दिल्लीहून, एकदा तर जर्मनीहून मागणी आली. ती प्रत्येक मागणी माझ्यातून आली, हे मी नम्रपणे सांगतो. मग तिने त्या नावाच्या कापडी पट्ट्या छापून घेतल्या. गावातून बाहेर जाणाऱ्या प्रत्येक घोंगडीच्या कोपऱ्यात एक पट्टी शिवलेली असायची. ज्याला दुसरी घोंगडी हवी, तो पट्टी वाचून आमच्याकडे यायचा.

त्या थंडीत माझा सत्कार झाला. अंजनामामी लोकर कातायच्या, आणि त्यांचे मालक बिभीषणमामा मेंढरं पाळायचे व बाजारात त्यांचे सौदे करायचे. अंजनामामींनी माझ्या मापाची एक छोटी काळी घोंगडी विणून घेतली. तिला चिंचोक्याची खळ लावलेली, कडेला लाल गोंडे. रेडिओला झालर असते, शिलाई मशीनला टोपी असते, मग सोळा घरांना पोसणाऱ्याला पांघरूण नको का, असं त्यांचं म्हणणं. त्यांनी ती स्वतःच्या हातांनी माझ्यावर घातली आणि कडा नीट खोचल्या. रस्त्याची धूळ बसायची थांबली. मी अगदी फुगून गेलो होतो.

मित्रांनो, काम करताना माझं अंग तापतं. ते तापणं माझ्या पाठीवरच्या बारीक फटींतून बाहेर जातं. त्या फटी आता लोकरीखाली होत्या. अर्धा तास झाला की मला गुदमरायला व्हायचं आणि हातातली तार सुटायची. कावेरीला वाटे लाइन खराब आहे. तिने टेलिफोनवाल्यांकडे तक्रार दिली. त्यांनी खांबापासूनची तार बदलली, तरी मी तसाच. पुढे ती तक्रार म्हणजे भिजत घोंगडं होऊन पडली. मला तोंड असतं तर मी सांगितलं असतं. पण मला दुसऱ्यांचंच बोलणं नेता येतं.

फेब्रुवारीत एके दुपारी कावेरी संगणकावर आलेली पत्रं उघडत होती. त्यात एक पत्र असं होतं, की तुमच्या नावाची मुदत संपत आली आहे, ते पुन्हा आपल्या नावे करून घ्या. ते उघडत असताना माझ्या हातून तार सुटली. तिने पुन्हा जोडलं, पुन्हा सुटली. तिसऱ्यांदाही तेच झालं. बाहेर मुंबईला फोन लावायला माणसं ताटकळली होती. कावेरी उठली, आणि ते पत्र मागे पडलं.

एप्रिलमध्ये नाशिकच्या एका गिऱ्हाइकाचा फोन आला, की तुमचं पान उघडत नाही. कावेरीने शोध घेतला. मुदत संपली होती, आणि ज्याला हवं त्याने घ्यावं म्हणून आमचं नाव अमेरिकेतल्या एका लिलावात मांडलं होतं. आमच्या वेळेप्रमाणे शनिवारी सकाळी ठीक सातला लिलाव बंद होणार होता. नाव गेलं, तर चारशे घोंगड्यांवरच्या पट्ट्या परक्याच्या दाराकडे बोट दाखवणार होत्या.

सोळा घरांनी मिळून दीडशे डॉलरपर्यंत जायचं ठरवलं. त्यापुढे एक पैसाही नाही. पैसे वीरेशच्या कार्डावरून भरायचे होते. कावेरीने रविवारीच वीस डॉलरची बोली लावली. सगळ्यांत वर तिचं नाव दिसलं. कल्याणरावांनी चष्मा लावून ते दोनदा वाचलं आणि कपाळाला हात लावून वैजनाथाला नमस्कार केला. "विसार झाला बघ," ते म्हणाले, आणि आल्यागेल्याच्या हातावर साखर ठेवू लागले.

त्यांचं चुकलं असं मी कसं म्हणू? त्यांच्या बाजारात जनावराचा विसार, म्हणजे सौद्याचा आगाऊ पैसा, एकदा मालकाच्या हातात पडला, की दुसरं गिऱ्हाईक त्या जनावराला हात लावत नाही. लावलाच तर चार माणसांत त्याची छी-थू होते. पण अमेरिकेतल्या लिलावाला ही रीत कोण सांगणार? सोमवारी बघितलं तर वर दुसराच कोणी होता. नाव नव्हतंच त्याला, नुसती चार अक्षरं आणि तीन आकडे. कावेरी चिडली आणि लगेच वर गेली. तो पाच मिनिटांत तिच्या वर. ती पुन्हा गेली, तो पुन्हा आला. बुधवारपर्यंत बोली ब्याण्णव डॉलरवर पोचली होती, आणि तिचं जेवणात लक्ष नव्हतं.

त्या दिवशी बिभीषणमामा फोन करायला आले होते. ते मागे उभे राहून बराच वेळ बघत राहिले. मग त्यांनी विचारलं, हा पलीकडचा कोण? कावेरीने माहिती काढलेली होती. लोकांची सुटलेली नावं तो घ्यायचा आणि त्यांच्याच जुन्या मालकांना दसपट भावाने विकायचा.

"मंग त्याला नाव न्हाई पायजे, पोरी, त्याला तू पायजे," मामा म्हणाले. "तू टक लावून बघायलीस, ते त्याला दिसायलंय. ज्याला मेंढरू घ्यायचं, त्यानं मेंढराकडं बघू नये. तू उठून गेलीस तर त्यो ते नाव घिऊन काय करील?"

मग त्यांनी खांद्यावरचं उपरणं काढून दाखवलं. केजच्या बाजारात सौदा करताना दोघांचे हात उपरण्याखाली असतात. बोटं दाबून भाव ठरतो, आणि शेजारी उभा असलेल्यालाही तो कळत नाही. कावेरीनेही आपला आकडा तसाच झाकून ठेवायचा, आणि समोरच्याला पुन्हा बोलायला वेळच उरणार नाही तेव्हा उघडा करायचा. त्या लिलावात तशी सोयही होती. आपला शेवटचा आकडा यंत्राला गुपचूप सांगता यायचा, आणि यंत्र त्यातून लागेल तेवढीच बोली वर न्यायचं. कावेरीने तो आकडा बुधवारीच टाकला असता, तर त्या माणसाला चढत जायला तीन दिवस मिळाले असते.

म्हणून कावेरी गप्प बसली. गुरुवार गेला, शुक्रवार गेला. तिचं गप्प बसणं मला बोली लावण्यापेक्षा अवघड वाटलं. या दोन दिवसांत तिने लिलावाकडे पाहिलं नाही, माझ्याकडे पाहिलं. मनगटावरचं घड्याळ समोर ठेवून ती कुठलंही पान मागवायची आणि मी उत्तर किती सेकंदांत आणतो ते मोजायची. बरा असलो तर पंचवीस. थकलो असलो तर पन्नास. कधी कधी आणतच नाही. सातच्या दोन मिनिटं आधी बोली लावावी तर पलीकडच्याला वेळ मिळतो, आणि वीस सेकंद आधी लावावी तर माझ्या पायांचा भरवसा नाही. शेवटी एक मिनिट आधी, असं तिने ठरवलं. मित्रांनो, माझ्यामुळे ते पत्र मागे पडलं हे मला एकट्याला माहीत होतं, आणि आता सगळा भार माझ्यावरच आला होता. मला भीती वाटत होती.

शनिवारी सहा वाजताच कावेरीने मला जागं केलं. बिभीषणमामा आणि अंजनामामी आले होते, कल्याणराव विभूती लावून उभे होते. लिलावाच्या पानावरच्या घड्याळाशी कावेरीने आपलं घड्याळ जुळवून घेतलं. बोली ब्याण्णववरच थांबलेली होती. तो माणूस तीन दिवसांत हलला नव्हता.

सहा चाळीसला माझा जीव घाबरा झाला आणि तार सुटली. तिने पुन्हा नंबर फिरवला. सहा सेहेचाळीसला मी जोडला गेलो आणि सहा एक्कावन्नला पुन्हा सुटलो. कल्याणराव म्हणू लागले, की आता लागला की लगेच बोली टाकून मोकळी हो, सातची वाट बघू नकोस. तिलाही तसंच वाटू लागलं होतं, मला तिच्या बोटांवरून कळत होतं.

बिभीषणमामा पुढे आले. आजारी मेंढराचा कान ते आधी मुठीत धरून बघतात. तसाच त्यांनी पांघरुणाखाली हात घातला आणि तळवा माझ्या पाठीवर ठेवला.

"ह्याला ताप हाय," ते म्हणाले. "लई ताप हाय. तापल्या जनावरावर घोंगडी कशाला टाकली?"

अंजनामामींनी स्वतःच पुढे होऊन ती लाल गोंड्यांची घोंगडी ओढून काढली. माझ्या पाठीला चार महिन्यांनी वारा लागला. कल्याणरावांनी साबणाच्या खोक्याचा पुठ्ठा फाडला आणि मला वारा घालू लागले. आयुष्यात इतका मान मला कधी मिळाला नव्हता, पण तो भोगायला वेळ नव्हता.

सहा चोपन्नला नंबर फिरवला, तर लाइन व्यस्त. पुन्हा व्यस्त. सहा सत्तावन्नला मी जोडला गेलो. पान अर्धं उघडून थांबलं, मग पूर्ण उघडलं. ब्याण्णव. वर तोच. कावेरीने रकान्यात दीडशे हा आकडा लिहिला आणि बोट उचलून धरलं. कल्याणराव म्हणाले, दाब की. तिने मान हलवली. बिभीषणमामा घड्याळ हातात धरून उभे होते, आणि पुठ्ठा हलत होता.

सहा एकोणसाठला सेकंदकाटा वर आला तेव्हा तिने दाबलं.

मी निघालो. तारेत खरखर होती, परळीकडे कुठेतरी सांधा सैल होता, पण मी तो आकडा सोडला नाही. पोचवला. आता उत्तर आणायचं होतं. दहा सेकंद, वीस, तीस. मला पुन्हा गरम व्हायला लागलं. मी मनात म्हटलं, एकदा सोडलंस ते पुष्कळ झालं. अडतिसाव्या सेकंदाला उत्तर घेऊन मी परत आलो. पलीकडच्याने झाकून ठेवलेला आकडा एकशे दहा होता. एकशे बारा डॉलरवर आमचं नाव सगळ्यांत वर उभं होतं.

तिने पान पुन्हा मागवलं. ते यायला तीस सेकंद लागले. लिलाव बंद झाला होता. वर कावेरीच होती.

कल्याणरावांनी साखरेचा डबा हातात घेतला, पण झाकण उघडलं नाही. "आता तरी विसार झाला का?" त्यांनी विचारलं.

"आता मेंढरू घरी आलं, अप्पा," कावेरी म्हणाली, आणि मग ती रडली.

दुपारी दुकान रिकामं झालं. मी न सुटता दोन तास चालत होतो. कावेरी फळीवर पडलेल्या त्या घोंगडीकडे बघत राहिली. मग तिने जुनी पत्रं एकेक करून उघडली, आणि फेब्रुवारीतलं ते पत्र तिला सापडलं. तारीख तिने दोनदा वाचली. त्या दुपारी तार तीनदा सुटली होती ते तिला आठवलं, आणि सगळं कळलं. तेवढ्यात अंजनामामी आल्या आणि त्यांनी दबक्या आवाजात विचारलं, की नाव सुटलं ते माझ्या पांघरुणापायी तर न्हाई ना?

कावेरीने ते पत्र बंद केलं. "न्हाई मामी," ती म्हणाली. "पत्र आलतं. माझंच बघायचं राहिलं."

मामी सैल झाल्या आणि बसून चहा प्यायल्या. कावेरीने ते पुन्हा कधी कुणाजवळ काढलं नाही. तिने दारामागच्या कॅलेंडरवर मुदतीच्या तारखेला लाल गोल केला, आणि पुढे दरवर्षी करत राहिली. माझ्या पोटाखाली तिने 'रुद्राणी घोंगडी'ची एक पट्टी चिकटवली. तो मान खरं तर माझा एकट्याचा नव्हता, आणि ज्या चुकीत माझा वाटा होता ती तिने एकटीने घेतली होती. म्हणून ती पट्टी मला सुखही देते आणि टोचतेही.

काही वर्षांनी नवीन यंत्रं आली. ती किर्रकिर्र करत नाहीत आणि थकत नाहीत. मला फळीवरून काढलं तेव्हा कावेरीने ती काळी घोंगडी शोधून आणली, मला तिच्यात गुंडाळलं आणि कपाटात ठेवलं. आता माझं अंग तापत नाही, त्यामुळे ती ऊब मला फार बरी वाटते. मोतीबिंदू झाल्यामुळे अंजनामामींना आता नीट दिसत नाही. पण दुकानात आल्या की त्या कपाट उघडायला लावतात, घोंगडीत हात घालून माझी पाठ चाचपतात आणि "गार हाय" म्हणून कडा पुन्हा खोचतात.

मित्रांनो, माझं एवढंच मागणं आहे. तुमच्यासाठी कुणी राबत असेल, यंत्र असो, जनावर असो की माणूस असो, त्याच्यावर मायेने पांघरूण जरूर घाला. पण घालण्याआधी एकदा पाठीला हात लावून बघा.