दोन्हीकडे वीस दात

मोजणीमास्तरांचं अक्षर मोत्यासारखं होतं आणि खोटं बोलायची त्यांना मुळीच सवय नव्हती. म्हणूनच तर ते पकडले गेले. सराईत माणसाने निदान आकडे तरी बदलून लिहिले असते.

तीस वर्षं त्यांनी मत्स्य कार्यालयासाठी धक्क्यावर उतरलेला मासा मोजला. गेल्या वर्षी ते निवृत्त झाले. त्यांची लेक त्याच कार्यालयात कामाला होती आणि करवत मासे या किनाऱ्यावर किती उरलेत, याचा अहवाल तिला सोमवारी द्यायचा होता. खाडीच्या तोंडाशी मोठी जाळी लावायला परवानगी मिळणार की नाही, हे त्यावर ठरणार होतं. बापाच्या वह्यांप्रमाणे मासा खूप घटला होता, पण संपला नव्हता. शेवटची नऊ वर्षं वर्षाला एक, न चुकता. तिचे साहेब खूश होते. "मासा आहे की अजून, मग अडवायचं कशाला?"

पण लेक बापाच्या वळणावर गेलेली. तिने ओळ न् ओळ वाचली. माशाच्या करवतीसारख्या लांब सोंडेच्या दोन्ही कडांचे दात वेगवेगळे मोजून लिहायची बापाची पद्धत होती. जुन्या नोंदींत कुठे एकोणीस-एकवीस, कुठे अठरा-वीस, कुठे 'दोन तुटलेले'. निसर्ग काही शिंपी नव्हे, दोन्ही बाह्या सारख्या बेतायला. शेवटच्या नऊ माशांना मात्र दोन्हीकडे वीस-वीस दात होते.

रविवारी ती वही घेऊन घरी गेली. बाबा खुर्चीचा डुगडुगणारा पाय ठोकत बसले होते.

"बाबा, हे नऊ मासे कुठले?"

हातोडी थांबली. "सापडले म्हणायचे तुला."

"मी सांगत होते," आई आतून म्हणाली. "यांना खोटं पचत नाही. दरवर्षी पोटाच्या गोळ्या किती आणल्या, ते मला विचार."

बाबा खाली बघूनच बोलले. "सलग बारा महिने शून्य आलं की त्या माशाचा रकाना तक्त्यातून काढून टाकायचे. दोन मासे असेच गेले माझ्या डोळ्यांदेखत. रकाना गेला की कुणी नावही घेत नाही गं. अकरा महिने शून्य लिहिलं, बाराव्याला हात धजेना. म्हटलं, एक लिहू, पुढच्या वर्षी खराच येईल."

"आणि शेवटचा खरा?"

"मादी होती. चौदा फूट. डावीकडे एकोणीस, उजवीकडे वीस. पोटात सात पिल्लं, पूर्ण वाढलेली. लिलाव दहा मिनिटांत उरकला."

तिने वही त्यांच्यासमोर उघडून ठेवली. मग म्हणाली, "हे अहवालात लिहावं लागेल. उद्या लोक तुमच्या तीस वर्षांच्या सगळ्याच वह्यांवर बोट ठेवतील."

"ठेवू देत." त्यांनी वही जवळ ओढली. "पण एक सांग. मी तेव्हाच शून्य लिहिलं असतं, तर कुणी शोधायला आलं असतं का?"

शेजारच्या किनाऱ्यावर याच माशाचं शून्य आलं, तेव्हा वर्षभरात शोध घ्यायला माणसं आली होती. खाडीतली जाळी बंद झाली आणि तिथे आता पिल्लं दिसतात. हे सगळं तिने स्वतः वाचलं होतं. 'नाही' म्हणायला तिचं काय जात होतं? म्हातारा सुखाने झोपला असता. पण मायेपोटी खोटं बोलणं या घरात एकदा होऊन गेलं होतं.

"हो बाबा," ती म्हणाली. "आलं असतं."

बाबांनी चष्मा लावला आणि तिच्याकडे पेन मागितलं. नऊही नोंदी त्यांनी एकेक करून खोडल्या, शेजारी शून्य लिहिलं आणि प्रत्येक शून्याखाली सही केली.