सादनेटचे शेअर माझ्या नावावर

माझा भाऊ नवनाथ मखमलाबादला आणि मी सातपूरला. रिक्षा केली तर अर्ध्या तासात पोहोचावं. तरी चार वर्षांत त्याने मला एक फोन केला नव्हता. झेंडूच्या मळ्यातला हिस्सा सोडल्याच्या कागदावर मी सही केली, पण महिनाभर नाही-नाही म्हणून मग केली, हा माझा गुन्हा. सही घेतली, साडी दिली आणि माहेरचं दार लावलं. आईला मी मोबाइल पाठवला, तो मोहिनीवहिनीने ठेवून घेतला.

मार्चमध्ये एका सकाळी त्याचा फोन आला. "ताई, बरी हाय ना?" माझ्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. लगेच पुढचं आलं, "तुझं पॅनकार्ड कुठं हाय? डीमॅट खातं नसलं तर काढून देतो."

सादनेट नावाची कंपनी बाजारात येणार होती. इंटरनेटवरून टेलिफोन, जगात कुठेही बोला, जवळजवळ फुकट. मखमलाबादला सलूनमध्ये, फुलांच्या टोपल्या उतरवताना, लोक झेंडूचा भाव सोडून सादनेट कितीला उघडणार यावर पैजा मारत होते. एका नावावर एकच अर्ज, आणि शेअर सोडतीने मिळणार. त्यामुळे ज्याला त्याला नातेवाईक आठवत होते. नवनाथने स्वतःचा, बायकोचा, सासूचा आणि दोन मेहुण्यांचा अर्ज भरला. मग मी आठवले. मळ्यावर माझं नाव नको होतं, इथे हवं होतं.

मला सगळं कळत होतं. तरी हो म्हणाले. सांगायला लाज वाटते, पण त्याचा फोन आला एवढ्यावरच मी खूश होते.

पैसे त्याने माझ्या खात्यात टाकले, मी मोबाइलवर मंजुरी दिली. सोडतीत त्या पाचही जणांना ठेंगा मिळाला आणि शेअर लागले एकट्या माझ्या नावावर. त्या दिवशी तीनदा फोन आला. वहिनीने विचारलं, "ताई, जेवल्या का?" चार वर्षं मी उपाशीच होते जणू! शेवटी ती म्हणाली, "आईंना देते."

आई नुसती रडली.

एकशे अठराचा शेअर पहिल्या दिवशी एकशे सत्तरला उघडला. "वीक ताई, लगेच वीक!" नवनाथ ओरडत होता. मी म्हटलं, आधी आईला फोन दे. त्याने दिला आणि टीव्हीवर भाव बघायला गेला. आई हळूच म्हणाली, "विकू नको, बाई. विकलं का हे मला फोन देणार नाय."

मी नवनाथला ठोकून दिलं, "थांब. बँकेतले साहेब म्हणतात, तीनशे होणार."

थांबला. चार दिवसांनी सलूनमधली बातमी म्हणून त्यानेच मला सांगितलं, "तीनशे होनार म्हणत्यात!"

पुढे रोज सव्वानऊला, शेअरबाजार उघडला की फोन. आधी भाव, मग आई. आईचे गुडघे, शेवंतीवरची कीड, मी लहानपणी चोरून खाल्लेला गूळ. भाव एकशे चाळीसवर आला, मग एकशे वीस. नवनाथ म्हणाला, आता तरी वीक. आई म्हणाली, अजून थोडे दिवस. मी आईचं ऐकलं.

सत्तरवर आला तेव्हा त्याने आईला फोन दिलाच नाही. "ऱ्हाऊ दे ते शेअर तुलाच. मी सोडले," म्हणाला. बदल्यात साडीसुद्धा मागितली नाही.

तेव्हापासून फोन बंद. मी केला तर वहिनी कापते. परवा फुलबाजारात त्याचा मेहुणा भेटला. आणखी एक कंपनी येतेय म्हणे, नवनाथ नावं गोळा करतोय. मी विचारलं, माझं? तो चपलेकडे बघत म्हणाला, "ते म्हणले, ताईचं नको. पनवती हाय."

पहिल्याच दिवशी विकले असते तर त्याला फायदा झाला असता. या नव्या कंपनीला त्याने पुन्हा माझंच नाव आधी धरलं असतं, आणि आई पुन्हा बोलली असती. हे ना तिच्या लक्षात आलं, ना माझ्या. दोघी एकेका दिवसाला चिकटून बसलो.

शेअर अजून माझ्याकडेच आहेत. रोज सव्वानऊला मी भाव बघते. आज एक्केचाळीस आहे.