पुनमची तोंडी परीक्षा

प्रेमराज नानांच्या घराण्यात आजवर कोणीही परीक्षेत नापास झालेलं नव्हतं. परीक्षेपर्यंत पोचलेलेच मुळात कमी होते, आणि जे पोचले त्यांच्यासाठी शाळेच्या मागच्या खिडकीखाली नाना स्वतः उभे असत.

त्यामुळे 'पुनमची एक छोटी तपासणी करू' असा आरोग्य केंद्रातून निरोप आला, तेव्हा नाना तयारीला लागले. नात अडीच वर्षांची, अजून एक शब्द बोलत नव्हती. तिची आई दिपमाला वर्षभर म्हणत होती, डॉक्टरला दाखवू. म्हणायची ती सासूला. सासऱ्यासमोर तोंड उघडायची त्या घरात सुनेला मुभा नव्हती. सासू नानांच्या कानावर घाली आणि नाना म्हणत, "तिना बाप बी उशिराच बोलना. आते थांबस का तो?"

आरोग्य केंद्रात नाना आणि दिपमालासमोर डॉ. चारुलता मॅडमनी पुनमला सतरंजीवर बसवलं आणि मागून हाक मारली, "पुनम!"

पुनम आपल्या चपलेचा बंद बघत राहिली.

"घरमा तिले पुनी म्हणतस," नाना म्हणाले.

"पुनी!"

नजर बंदावरच. नानांनी खिशातला बिस्किटांचा पुडा हळूच चुरगाळला. पुनम तत्काळ वळली.

"दखा! कान एकदम बेस शेत!"

"कान चांगलेच आहेत, नाना," मॅडम त्यांच्या खिशाकडे बघत म्हणाल्या. "पुडा ऐकू येतो, पण नावाला वळत नाही. हेच मला बघायचं होतं."

कॉपी पकडली गेली आणि वर तीच आपल्याविरुद्ध पुरावा झाली, हे नानांच्या कारकिर्दीत पहिल्यांदाच घडत होतं.

पुढे मॅडम विचारत दिपमालाला आणि उत्तर देत नाना. बाहुलीला खोटंखोटं भरवते? भरवते ना. टाटा करते? कालच केला. दिपमाला पदर सावरत जमिनीकडे पाहत होती. कालचा टाटा पुनमचा हात धरून नानांनीच हलवला होता.

"बरं नाना, तुम्हीच सांगा. तिला सगळ्यात जास्त काय आवडतं?"

नाना खुलले. "ठिबक! कपाशीमा नळीजोडे बसस अन् थेंब दखत ऱ्हास. घंटा-घंटा. इंजिनियर व्हई ती."

"मग थेंब पडला की तुमच्याकडे बघते? बोट करून दाखवते, 'नाना, ते बघा'?"

नानांनी हो म्हणायला तोंड उघडलं. रोज संध्याकाळी ते तिच्याशेजारी मातीत बसत. थेंब पडे, ती हसे; थेंबाकडे बघूनच हसे. एकदा नानांनी मुद्दाम मध्ये तोंड घातलं होतं. तिने मान वाकडी करून त्यांच्या पलीकडचा थेंब पाहिला होता.

"माले कधीच दखाडत नही," नाना म्हणाले. इतकं खरं उत्तर त्यांनी कुठल्याच परीक्षेत कोणाला पुरवलं नव्हतं.

दिपमालाने मान वर केली.

"ही ऑटिझमची, म्हणजे स्वमग्नतेची लक्षणं असू शकतात," मॅडम सावकाश म्हणाल्या. "नक्की काय ते धुळ्याचे तज्ज्ञ तपासून सांगतील. पण तिला शिकवायला जितक्या लवकर सुरुवात होईल तितका फायदा."

"म्हणजे नापास?"

"यात पास-नापास नसतं, नाना."

नानांना हे पटेना. पास-नापास नसलेल्या परीक्षेला माणसाने मदत तरी कशी करायची? "कापूस घरमा उना का जाऊत धुळाले," ते म्हणाले.

"नाना, उद्याच जाऊत."

हे दिपमाला बोलली. लग्न होऊन आल्यापासून सासऱ्याशी थेट बोललेलं तिचं हे पहिलं वाक्य. नानांनी आधाराला मॅडमकडे पाहिलं. मॅडम चिठ्ठी लिहिण्यात गर्क होत्या. मग नानांनी पुनमकडे पाहिलं. ती पुन्हा चपलेच्या बंदाकडे गेली होती. नानांनी पुडा काढून तिच्यासमोर ठेवला, या वेळी उघडपणे.

"बरं," ते म्हणाले.

धुळ्याची बस आरोग्य केंद्राच्या दारातच थांबते. पोचायला अर्धा तास लागतो; निघायलाच वर्ष लागलं होतं.