अंगठीखालचा चीक

पाटाच्या पाण्यावरून मष्णू आणि बाळाबाई असे भांडले की आमच्या वाडीत त्या दुपारी कुणी धड जेवलं नाही. मष्णूच्या सरीतलं पाणी बांध फोडून बाळाबाईच्या तंबाखूत शिरलं होतं. बाई विधवा, जिभेला धार, आणि त्या दहा गुंठ्यांशिवाय जगात दुसरं काही नाही.

"डोळं फुटलं व्हतं का रं तुझं? मुळ्या कुजल्या तर तुझा बा येनार हाय भरून द्याय?"

मष्णू तसा पडखाऊ गडी, पण राग आला की तोंडाला लगाम नाही. "लई बोलू नगंस आक्का! तुझी तंबाखू उभी ऱ्हाती का आडवी व्हती, त्येच बघतो!"

रागात माणूस काय वाट्टेल ते बोलतो. पण दुसऱ्या दिवशी उजाडताच बाळाबाईचा हंबरडा ऐकून आम्ही धावलो, तर सगळी तंबाखू बुडख्यात कापून आडवी पडली होती. पीक काढणीला महिनाच राहिला होता. पौषातला कोरडा वारा सुटलेला, आणि पानं बघता बघता माना टाकत होती. बाळाबाई एकेक झाड उचलून पुन्हा उभं करायला बघायची. मला ते बघवेना आणि तिथून पायही निघेना.

"मष्ण्यानंच केलं," ती म्हणाली. दुसरं कुणाचं नाव घेणार? धमकी तर साऱ्या गावानं ऐकलेली.

दुपारी निपाणीहून घोड्यावर बसून फौजदार आला. नवाच होता. मुंबईकडं काही शिकून आलेला, खिशात भिंग. रानात पोचताच आमच्यावर डाफरला, कारण पायांचे माग म्हणाल तर ते आम्हीच सकाळपासून तुडवून टाकले होते. मग त्यानं कापलेली बुडखी भिंगातून बघितली, पानांवरून बोट फिरवलं आणि बोट चिकटल्यावर हसला.

"चावडीवर चला. गुन्हा करणारा जागेवरची खूण अंगावर घेऊनच जातो."

चावडीत मष्णूला दोरानं बांधून आणलं. खुर्चीवर पंच म्हणून परशराम देसाई बसले होते. बाळाबाईच्या तुकड्याच्या अल्याड त्यांचं रान, पल्याडही त्यांचंच. मधला तुकडा विकत मागून मागून ते थकले होते. फौजदारानं त्यांची जबानी आधी घेतली. आम्ही काही तंबाखूच्या सरीत उतरत नाही, कापडं खराब होतात, दिवाळीपासून तर बांधावरही गेलो नाही, असं त्यांनी ठणकावून सांगितलं आणि फौजदारानं ते शब्दाला शब्द उतरून घेतलं.

मग त्यानं मष्णूचे तळवे उजेडाला धरले. काळे कुळकुळीत. "हा बघा चीक. आणखी काय पुरावा पाहिजे?"

मष्णूची बायको रुक्माबाई बायकांतून पुढं आली. आवाज खणखणीत. "ह्या हातावर धरताय व्हय सायेब? खुडणी करून समद्या गावाचं हात असंच हाईत! दावा रं हात! दावा की!"

कुणी हाललं नाही. देसायांच्या विहिरीचं पाणी अर्ध्या गावाला लागतं. खोटं कशाला सांगू, मीही हात काखेत दाबून बसलो होतो. माझी मला लाज वाटत होती, तरी हात काही निघत नव्हता.

पहिला हात म्हाताऱ्या भरमूनं वर केला. मग बायकांतल्या अक्काताईनं. मग एकेक करत सारी चावडी. महिनाभर शेंडे खुडून, बगलफुटी काढून तंबाखूच्या चिकानं काळे झालेले हात. साबणाला दाद न देणारे, भाकरी कडू करणारे. मी शेवटचा.

फौजदार चुळबुळला. भिंग खिशात घातलं, पुन्हा काढलं. "असू दे. पण धमकी यानंच दिली होती ना? निपाणीला नेतो, तिथं बोलेल. देसाई, पंच म्हणून सही करा."

देसायांनी टाक घेतला. बाळाबाई त्यांच्या पायाशीच पायरीवर बसली होती. सकाळपासून ती कुणाकडं बघत नव्हती, पण आता तिची नजर त्यांच्या हातावर खिळली.

"सायेब," ती म्हणाली, "ह्यांची अंगठी बघा."

देसायांनी हात आखडला. चोराच्या मनात चांदणं! ती अंगठी लग्नातली, बोट जाड झाल्यापासून निघत नव्हती हे गावाला ठाऊक. हात चिंच लावून घासलेले, तळवे लालबुंद. पण अंगठीच्या कडेनं काळी रेघ होती. गड्याला कापायला सांगितलं असतं तर गड्याच्या बायकोला कळलं असतं आणि मग पाणवठ्याला, म्हणून मालक स्वतःच विळा घेऊन गेले होते.

"काथ असेल पानाचा," देसाई म्हणाले.

"काथ तांबडा असतो," फौजदार म्हणाला. त्यानं टाचणीनं अंगठीखालचं काळं उकरलं, भिंगाखाली धरलं, हुंगलं.

"चाखून बघा," बाळाबाई म्हणाली. "म्हैनाभर आमी त्येच खातोय."

त्यानं खरंच जिभेला लावलं आणि तोंड वाकडं करून बाहेर जाऊन थुंकून आला. चावडीत कुणी तरी फिसकन हसलं.

आता मष्णू सुटला, असं आम्हाला वाटलं. पण देसाई फौजदाराच्या कानाला लागून कानडीत बोलायला लागले, जणू आम्हाला कानडी येतच नाही! वरच्या साहेबांशी आपली किती ऊठबस आहे आणि रात्रीचं जेवण आपल्याच घरी आहे, असं सांगत होते. फौजदार घाम पुसत राहिला. मग त्यानं भराभरा लिहिलं आणि खाली मान घालूनच वाचलं, "अज्ञात इसमाने पीक कापले. मष्णूवर संशय. बाई, इथं अंगठा करा."

चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात, ते डोळ्यांदेखत चाललं होतं.

बाळाबाईनं मूठ मिटली.

"माझं चुकलं सायेब. मष्णूचं नाव मीच घेटलं. लेकराबाळांचा धनी हाय त्यो, माझ्या अंगठ्यानं जेलात न्हाय जायाचा."

"फिर्याद तुझी आहे बाई. अंगठा नसेल तर कागद होत नाही."

"मग नगं होऊ दे."

"आणि विहिरीचं पाणी?" देसाई हळूच म्हणाले.

"पानी तोडा. रान पडीक पडंल. खरं नाव लिवा, मग अंगठा घ्या."

शिपायानं तिचं मनगट धरलं, तशी सगळी चावडी उठून उभी राहिली. बाहेर वाऱ्यानं धूळ उडत होती, फौजदाराचा घोडा खुंट्याला हिसके देत होता आणि मष्णू दोरासकट भिंतीला टेकून बाळाबाईकडं बघत रडत होता.

फौजदारानं शिपायाला मागं सरायला खुणावलं. देसायांच्या जबानीचा कागद पुन्हा वाचला, 'सरीत उतरत नाही' या ओळीवर बोट ठेवलं. मग टाक दौतीत बुडवून 'अज्ञात इसमा'वर आडवी रेघ ओढली.

"ह्याचा दोर सोड," तो शिपायाला म्हणाला. आणि देसायांकडं न बघताच त्यानं विचारलं, "पूर्ण नाव सांगा."