अकरा गाठी आणि एक

“अकरा,” सर्जन म्हणाले. “स्कॅनमध्ये तीनच दिसत होत्या. आतडं बोटांत धरून चाचपत गेलो, तेव्हा बाकीच्या हाताला लागल्या.”

खाटेवरच्या लिफ्ट मेकॅनिकनं बायकोकडे पाहिलं. ती भिंतीकडे बघत होती. सहा वर्षं त्याच्या पोटात कळ यायची आणि तो गॅसची गोळी चघळून कामाला जायचा.

“हा कॅन्सर कधी कधी घराण्यात असतो. सख्खं भावंड आहे कुणी?”

एक थोरली बहीण होती, शाळेत ग्रंथपाल. तिला कसलाच त्रास नव्हता. भावानं धोशा लावला म्हणून तिनं तपासणी करून घेतली आणि तिच्याही लहान आतड्यात गाठ निघाली. पण एकच.

“अकरा तुला, एक मला,” ताई हसून म्हणाली. “वाटणीत तू कायम असाच हात मारायचास, ढब्बू.”

तिचंही ऑपरेशन झालं. सर्जननी दोघांना समोर बसवून सांगितलं, “आकड्यावर जाऊ नका. अकरा म्हणजे अकरापट वाईट, असं नसतं. गाठ किती वेगानं वाढते, यकृतापर्यंत पोचली का, त्यावर पुढचं ठरतं. ताई, तुमची एकच असली तरी जवळच्या ग्रंथींत शिरलेली होती. तपासणी चुकवू नका.”

दोघांनी माना डोलावल्या. पण घरीदारी सगळ्यांच्या तोंडी आकडाच राहिला. नातेवाईक मेकॅनिकला भेटायला येत, दबक्या आवाजात बोलत आणि जाताना त्याचा हात जरा जास्तच वेळ धरून ठेवत. ताईला मात्र म्हणत, थोडक्यात निभावलं हो तुमचं! त्यानं विम्याचे कागद बायकोला समजावून दिले. ताई दर रविवारी येऊन त्याला धीर देई. तिच्या दोन तपासण्या त्याच्या काळजीत राहून गेल्या.

दुसऱ्या वर्षी ताईचा चेहरा अधूनमधून एकदम लालबुंद व्हायला लागला. “वय झालं की होतं असं,” ती म्हणाली. मग जुलाब सुरू झाले, कपडे अंगावर लोंबायला लागले. स्कॅनमध्ये यकृत गाठींनी भरलेलं दिसलं.

मेकॅनिक सर्जनवर तडकला. “माझ्या अकरा होत्या! हिची एकच, तीही तुम्ही काढलीत. मग हे कसं?”

“मी तेव्हाच सांगितलं होतं,” सर्जन हळू आवाजात म्हणाले.

महिन्याला एक इंजेक्शन सुरू झालं. भावोजी, ताईचे यजमान, फाइल काखेत धरून तिला न्यायचे. सुट्टी मिळाली की मेकॅनिकही जायचा. एकदा बाकावर बसल्या बसल्या तो म्हणाला, “ताई, माझ्यापायी तुझ्या तपासण्या...”

“गप रे. तू धोशा लावला नसतास तर मला काही कळलंच नसतं.”

“कळून काय झालं?”

ताईनं पदरानं चेहरा पुसला. म्हणाली, “पाणी दे जरा.”

चौदा महिन्यांनी ती गेली. दिवसकार्याला आलेली माणसं भावोजींशी बोलून झाली की त्याच्याकडे वळत. “तुमची तब्येत कशी आहे आता?” “बरी आहे,” तो म्हणे आणि चहाचे कप गोळा करायला उठे.

पुढच्या महिन्यात त्याची वार्षिक तपासणी होती. नको नको म्हटलं तरी भावोजी सोबत आले. “घरी बसून तरी काय करू?”

“काही नाही. सगळं स्वच्छ आहे,” सर्जन म्हणाले.

तो बाहेर आला. बायको बाकावरून ताडकन उठली. त्यानं “काही नाही” म्हणताच तिला रडू फुटलं. मग शेजारी भावोजी आहेत हे आठवून तिनं पदर तोंडात कोंबला.

“चांगलं झालं,” भावोजी म्हणाले. “फार चांगलं झालं.” त्यांनी त्याच्या हातातली फाइल घेतली, काखेत धरली आणि चालू लागले. बाहेरचा दरवाजा उजवीकडे होता. ते डावीकडे, इंजेक्शनच्या खोलीकडे वळले. दारापर्यंत गेले आणि थांबले.

मेकॅनिकनं हाक मारली नाही. तो जाऊन त्यांच्याशेजारी उभा राहिला. आतून नर्सनं विचारलं, “पेशंट कुठंय?”