गावावरचं झाकण

गावात त्यांना नावाने कोणी हाक मारत नसे. हवामान केंद्रात इतकी वर्षं काढल्यावर ते सगळ्यांचे हवामानकाका झाले होते, आणि शिवणकाम करणारी त्यांची बायको आपोआप काकू झाली होती. पाऊस कधी येणार हे काकांना छातीठोकपणे सांगता येत नसे. पण तो का आला नाही, हे मात्र ते समोरच्याचा चहा गार होईपर्यंत सांगत.

चहूबाजूंनी डोंगर आणि मधे वाटीत बसलेलं गाव. पाऊस आटोपून कोरडी थंडी पडली की उतारावरचं वाळलेलं गवत पेटवलं जाई, घराघरांत कोळसा जळे, आणि धूर घरजावयासारखा गावातच मुक्काम ठोकी. यंदा थंडीच्या तोंडावरच काकूंना असा दमा लागला की काकांच्या तोंडचं पाणी पळालं. डॉक्टरीणबाईंनी औषधं दिली आणि दोन गोष्टी बजावल्या. घरातली कोळशाची शेगडी आजच्या आज बाहेर काढा. आणि सकाळचा धुराचा आकडा शंभराच्या खाली येतच नसेल, तर वारा फिरेपर्यंत काकूंना खाली सपाटीवर त्यांच्या भावाकडे पाठवा.

शेगडी त्याच दिवशी घराबाहेर गेली. आकडा मात्र हटून बसला. एरवी ऊन अंगावर आल्याशिवाय न हलणारे काका आता उजाडायच्या आत केंद्रावर जाऊ लागले. आकडा पाहिल्याशिवाय त्यांना चैन पडत नसे. हवेतला धूर मोजणाऱ्या नव्या यंत्राच्या पडद्यावर कधी दीडशे दिसत, कधी एकशे ऐंशी, एकदा तर दोनशेच्या वर. ऊन चढलं की आकडा उतरे. काकांना त्याचं मुळीच नवल वाटत नव्हतं. "गार हवा खाली बसते आणि तिच्यावर ऊबदार हवेचं झाकण पडतं," ते भेटेल त्याला समजावत. "ऊन चढलं की झाकण उघडतं." हा आकडा रोज नगरपालिकेच्या फलकावर लागे. त्या धसक्याने म्हाताऱ्यांचं सकाळचं फिरणं बंद झालं आणि शाळेची कवायत मैदानातून वर्गात आली.

"अहो, मला खरंच बरं वाटतंय," काकू म्हणत. "काल बटणं आणायला बाजाराची चढण चढले, एकदाही थांबले नाही."

"तुला वाटतं गं. यंत्राला तसं वाटत नाही."

"मग यंत्राशीच संसार करा."

शेवटी काकांनी बसचं तिकीट काढलं. ते खिशात ठेवताना त्यांना रडू येत होतं, पण घरी येऊन त्यांनी सपाटीवरचं कमाल तापमान सांगितलं. तीन-चार महिने रिकाम्या घरात कसे काढायचे, हे विचारायचं धाडस त्यांना झालं नाही.

बस केंद्राच्या फाटकासमोरच थांबायची. जायच्या दिवशी काका बॅग घेऊन काकूंबरोबर आले आणि त्यांना आत खुर्चीवर बसवलं. "बस, आता ऊब करतो," म्हणत त्यांनी खिडकी उघडली आणि खिडकीजवळची शेगडी पेटवली. बंद खोलीत कोळसा पेटवू नये, एवढं त्यांना पक्कं माहीत होतं.

काकू शेगडीकडे बघतच राहिल्या. "ही आपली ना? कोणाला तरी दिली म्हणाला होता."

"केंद्राला दिली," काका ओशाळून म्हणाले. "इथे पहाटे बोटं वाकत नाहीत गं."

धूर खिडकीतून बाहेर निघाला. तरी काकूंना ठसका लागलाच. नाकाला रुमाल लावून त्या बाहेर गेल्या आणि भिंतीकडे वर बघत उभ्या राहिल्या.

"अहो, इकडे या. ही वरची पांढरी नळी कसली?"

"ते यंत्राचं नाक. हवा तिथून आत ओढतं."

"आणि नाकाखाली काय आहे?"

"खिडकी."

"आणि खिडकीत?"

काकांनी मान वर केली. खिडकीतून निघालेला धूर भिंतीला चिकटून वर चढत होता आणि थेट नळीत शिरत होता.

"ऊन चढलं की झाकण उघडतं," ते कसेबसे म्हणाले.

"ऊन चढलं की तुम्ही शेगडी विझवता."

काकांनी शेगडी उचलून मागच्या नळाखाली नेली आणि कोळशांवर पाणी सोडलं. मग ते यंत्रासमोर येऊन बसले. नवा आकडा यायला थोडा वेळ लागे. तेवढ्यात फाटकाशी बस आली. ड्रायव्हरने हॉर्न दिला, मग पुन्हा दिला.

"काका, चढवताय ना काकूंना? मला उशीर होतोय!"

काकांनी पडद्याकडे पाहिलं. तिथे अजून मघाचाच आकडा होता, शंभराच्या वरचा. मग त्यांनी बायकोकडे पाहिलं, आणि इतक्या दिवसांत पहिल्यांदाच विचारलं, "तुला कसं वाटतंय गं?"

"बरं वाटतंय. कधीची सांगतेय."

काकांनी खिडकीतून हात हलवून बस जाऊ दिली. ती वळणाआड गेल्यावर पडद्यावर नवा आकडा आला. बहात्तर. काकांना एकदम इतकं हलकं वाटलं की ते खुर्चीतच डोळे पुसू लागले. आपण आपल्या हातांनी हिला घालवायला निघालो होतो, याचं त्यांना आता हसू येत होतं.

डॉक्टरीणबाईंनी फोनवर सगळं ऐकलं, पोटभर हसून घेतलं आणि औषधं चालू ठेवून काकूंनी घरीच राहावं म्हणून सांगितलं. नगरपालिकेला फोन करताना मात्र काकांचे कान लाल झाले. गवताचा धूर आहे, पण फलकावरचा बराचसा धूर माझाच होता, हे त्यांनी सरळ सांगून टाकलं.

दुपारी काका बॅग घेऊन घराकडे निघाले तेव्हा शाळेच्या मैदानातून कवायतीची शिट्टी ऐकू येत होती. चढणीवर काकू पुढे होत्या आणि काकांनाच धाप लागली होती.

"तू गेली असतीस तर मी काय केलं असतं गं?" त्यांनी मागून विचारलं.

काकू थांबल्या, वळल्या आणि काकांच्या हातातल्या बॅगेचा एक बंद त्यांनी धरला.

"काय करणार? रोज पहाटे शेगडी पेटवून आकडा उतरायची वाट बघत बसला असता."