रुसूबाई सफरचंद

सुतारकाकांच्या अंगणातलं सफरचंदाचं झाड जगात एकुलतं एक, आणि ही काही बढाई नव्हे. नव्या नवरीच्या दिवसांत काकू एकदा रुसून मोरीमागे जाऊन बसल्या, हातातलं अर्धं सफरचंद रागानं भिरकावलं, त्याच्या बीचं हे झाड. सफरचंदाचं बी काही आईवर जात नाही, दर बीचं झाड निराळंच निघतं, तसं हेही निघालं. फळ बेढब, साल खरखरीत, तोडल्या तोडल्या खाल तर डोळ्यांत पाणी! दोन-तीन महिने ट्रंकेत एकटं सोडलं की मात्र गोड. सासूबाईंनी सुनेचं आणि झाडाचं एकच नाव ठेवलं, रुसूबाई.

गेल्या वर्षी काकू गेल्या. यंदा खोड आतून पोकळ निघालं, म्हणजे झाडही पाडावं लागणार.

पुतणीची रोपवाटिका होती. ती म्हणाली, "काका, थंडी संपताना येते आणि फांद्या नेऊन कलमं बांधते. पण जागा एकाच ओळीची आहे. फळ चाखल्याशिवाय नाही हं."

काकांनी फळं तोडून, काकू ठेवायच्या तशीच कागदात गुंडाळून ट्रंकेत ठेवली. पुतणी आली त्या सकाळी ट्रंक उघडली, तर काय! एकूण एक फळ सुरकुतलेलं, हाताला तेलकट.

"वाटोळं केलं गं मी! तिचं एवढं एकच उरलं होतं, तेही सांभाळता आलं नाही." ते टोपली भरून फेकायलाच निघाले.

"अहो, थांबा तरी!" पुतणीनं एक उचलून चावा घेतला आणि डोळेच मिटले. "काका, मध आहे मध! सुरकुतल्यावरच पिकतं हे. तुम्ही कधी पाहिलं नाहीत?"

कुठून पाहणार? चाळीस वर्षं त्यांच्यापुढे बशीत सोललेल्या फोडी आल्या. साली काकू ओट्यापाशी उभ्यानं खायच्या. "टाकवत नाहीत हो," म्हणायच्या. काकांना दर वेळी वाईट वाटायचं, पण एक साल कधी मागून पाहिली नाही.

आता त्यांनी सालीसकट चावा घेतला. सगळा वास, सगळी गोडी सालीतच होती.

काका हसायला लागले आणि हसता हसता रडू फुटलं. "अगं लबाडे! चाळीस वर्षं मला नुसता गर चारलास होय!"

पुतणी एव्हाना शिडीवर चढून फांद्या कापत होती. "काका, कलमांच्या ओळीपुढच्या पाटीवर काय लिहू?"

"रुसूबाई," काकांनी नाक पुसलं. "आणि खाली लिही, सोलू नये."